आरडीडब्ल्यू जास्त आलाय?

रक्ताचा रिपोर्ट हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. डॉक्टरांच्या आधी आपणच तो उघडतो आणि ठळक छापलेल्या आकड्यावर नजर खिळते. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, पुष्कळदा तो आकडा आरडीडब्ल्यूचा असतो. पुणेकरांना कळकळीची विनंती आहे: तो पाहून रात्रभर मोबाइल चाळत बसू नका, आणि ‘हिमोग्लोबिन ठीक आहे ना, मग झालं’ म्हणून सोडूनही देऊ नका.

तांबड्या पेशींच्या आकारात किती तफावत आहे, हे आरडीडब्ल्यू सांगतो. साधारण ११.५ ते १४.५ टक्के ठीक मानतात, पण आपल्या रिपोर्टवर छापलेली मर्यादाच पाहावी. हा आकडा एकटा काही ठरवत नाही. शेजारचा एमसीव्ही, म्हणजे पेशींचा सरासरी आकार, सोबत वाचावा लागतो.

लोह कमी पडलं की नव्या पेशी लहान निघतात. पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे जुन्या चांगल्या आणि नव्या लहान पेशी काही काळ एकत्र फिरतात; हिमोग्लोबिन घसरण्याआधीच आरडीडब्ल्यू चढू शकतो तो यामुळे. बी-१२ कमी पडलं तर उलट, पेशी मोठ्या होतात. आणि दोन्ही एकदमच कमी असतील तर? पहिलीची आणि दहावीची मुलं एकत्र बसवून सरासरी उंची काढावी तसं होतं. एमसीव्ही अगदी नॉर्मल दिसू शकतो, गडबड आरडीडब्ल्यूतच कळते.

पुण्यात हे मुद्दाम सांगायला हवं. इथल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातले व आसपासच्या खेड्यांतले ४४१ निरोगी मध्यमवयीन पुरुष तपासले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के जणांचं बी-१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. मोठ्या पेशींचा रक्तक्षय मात्र त्यांतल्या फार थोड्यांना होता. म्हणजे सीबीसी निर्दोष आला तरी बी-१२ पुरेसं आहे असं समजू नये. शाकाहारी असाल, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेत असाल, पायांना मुंग्या येत असतील, तर बी-१२ तपासण्याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या मनानं घेऊ नका. बी-१२ कमी असताना त्यानं रक्त सुधारल्यासारखं दिसतं, मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

एमसीव्ही बराच खाली, आरडीडब्ल्यू जवळपास नॉर्मल आणि तांबड्या पेशींची संख्या चढी, असं दिसलं तर थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे या आनुवंशिक रक्तदोषाचा वाहक असण्याची, शंका घ्यावी. सिंधी आणि लोहाणा समाजात याचे वाहक जास्त आढळतात, आणि पिंपरी कॅम्पात सिंधी वस्ती मोठी आहे. अशा माणसाला लोह कमी नसताना महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या देऊन उपयोग नाही. वाहक स्वतः धडधाकट असतो. पण नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर हा गंभीर आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. आपण वाहक आहोत का हे दाखवणारी एचपीएलसी तपासणी लग्नाआधीच करून घ्या, निदान मुलाचा विचार करण्याआधी तरी.

पुरुषांत किंवा पाळी थांबलेल्या बाईत लोह कमी निघालं, तर गोळ्या लिहून घेऊन घरी परतू नका. रक्त कुठून जातंय, हे विचारा. मूळव्याध असेल, जठरातला व्रण असेल, कधी आतड्याचा कर्करोगही असतो, आणि तो लवकर सापडणं फार मोलाचं असतं.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर आरडीडब्ल्यू आधी आणखी वाढू शकतो. नव्या, नीट आकाराच्या पेशी जुन्या लहान पेशींत मिसळत असतात, म्हणून. तो आकडा पाहून गोळ्या बंद करू नका. चहा मात्र गोळीपासून तास-दोन तास लांब ठेवा आणि हिमोग्लोबिन वर आलं तरी डॉक्टर सांगतील तितके महिने गोळ्या चालू ठेवा. शरीरातला लोहाचा साठा भरायला त्यापुढेही वेळ लागतो.