आमचे दुःख म्हणजे प्रवेशाची फी नव्हे

परदेशी विद्यापीठांचे अर्ज भरण्याचे दिवस आले की आमच्या मुलामुलींना दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. एक म्हणतो, "गरिबी लिही, जात लिही, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले पाहिजे." दुसरा म्हणतो, "हे रडगाणे कशाला? भारदस्त इंग्रजी लिही, शैली दाखव." एकाला आमची जखम विकायची आहे, दुसऱ्याला ती झाकायची आहे. आमच्या पोरांच्या डोक्यात कोणता विचार आहे, हे दोघेही विचारत नाहीत. म्हणून आमचा विरोध दोघांनाही आहे.

मित्रांनो, या निबंधावर काय अवलंबून आहे ते पाहा. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. पण तिच्यासाठी आधी नामांकित परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळवावा लागतो, आणि तो मिळवताना बहुतेक ठिकाणी 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' लिहावे लागते. म्हणजे आपल्या हक्काच्या वाटेवर हा दोन पानांचा निबंध उभा आहे. इंग्रजी ऐकत वाढलेल्या मुलाला तो सोपा जातो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलीला तोच डोंगर वाटतो, आणि ती सल्लागाराच्या दारात जाते.

स्वतःबद्दल लिहावे की शैलीने लिहावे? याचे उत्तर शोधायला लांब जायची गरज नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात २५ वर्षांच्या बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीचे चटके त्यांनी लहानपणापासून सोसले होते. तरी त्या निबंधात स्वतःची कहाणी नाही. सजातीय विवाह हाच जातिव्यवस्थेचा गाभा आहे, हे त्यांनी तर्काने मांडले.

तेच बाबासाहेब पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' लिहितात, तेव्हा अनुभव सांगतात. मसूर स्टेशनवर मुलांना नाकारणारे गाडीवान, बडोद्यात निवारा न मिळणे. अस्पृश्यता म्हणजे काय हे परदेशी वाचकाला कळावे, हा त्यामागचा हेतू. ठिकाण, प्रसंग, कोण काय म्हणाले, हे सारे साध्या भाषेत. तिथे दयेची याचना नाही, अलंकारही नाहीत. तिथे अनुभव पुरावा म्हणून उभा राहतो.

आमचे म्हणणे एवढेच: जात लपवू नका, पण ती कशासाठी सांगता हे ठरवा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत पदव्युत्तर अर्जासाठी दोन वेगळे निबंध मागतात, एक अभ्यासाच्या हेतूचा आणि दुसरा जडणघडणीचा. पहिल्यात तुमचा प्रश्न हवा, दुसऱ्यात तो प्रश्न तुम्हाला का पडला ते हवे. वस्तीत अभ्यासिका चालवली असेल तर किती मुले यायची, मुली कोणत्या वर्गानंतर गळाल्या, का गळाल्या आणि त्यावर तुम्ही काय केले ते लिहा. त्यातून कोणता विषय शिकावासा वाटला ते लिहा. 'आम्ही फार सोसले' या वाक्यापेक्षा असा एक परिच्छेद कितीतरी जड आहे. आणि तिथल्या वाचकाला 'वस्ती' म्हणजे काय ठाऊक नसेल, तर एका वाक्यात समजावून सांगा.

शैलीशी आमचे वैर नाही. इंग्रजी जरूर तपासून घ्या. पण भाषा दुरुस्त करून घेणे वेगळे आणि विचार विकत घेणे वेगळे. विकतचा निबंध मुलाखतीत पहिल्या प्रश्नालाच उघडा पडतो.

जे आपले बांधव परदेशात शिकून आले, त्यांच्याकडे आमची एकच मागणी आहे. दरवर्षी वस्तीतल्या दोन मुलांचे अर्ज बसून, विनामूल्य वाचा. जयंतीला हार घालून तिथल्या पदवीचे कौतुक करून घेता, तर ती वाट मागच्यांनाही दाखवा. 'शिका, संघटित व्हा' हे आपण भिंतीवर लिहितो. आता ते अर्जाच्या कागदावरही दिसू द्या.

जय भीम!