चार खुर्च्या आणि एक पिशवी

एक सायकल, पोतेभर पुस्तके आणि एक बाजाची पेटी, एवढीच सेकंडहँड खरेदीतली आमची मजल. त्यामुळे गेल्या मे महिन्यात भाच्याने सकाळी सकाळी "मामा, आज जुनं विमान बघायला जायचंय, येता ना?" असे विचारले, तेव्हा माझा बशीतला चहा बशीतच राहिला.

हे घडले अमेरिकेत, ओहायोमधल्या डेटन गावी. राइट बंधूंचे हेच गाव, तेव्हा तिथल्या हवेतच हे वेड असावे. भाच्याकडे वैमानिकाचा परवाना आहे. त्याची बहीण अटलांटाला असते. मोटारीने आठ तास, लहान विमानाने चारेक. म्हणून विमान! आणि नवे परवडत नाही, म्हणून जुने.

आदल्या रात्रीच ताईने मला स्वयंपाकघरात गाठले होते. "तुझं ऐकेल तो. नको म्हणून सांग त्याला. एकुलता एक मुलगा आहे रे माझा." मी होकार दिला होता. म्हणजे मी निघालो तो विमान बघायला नव्हे, मोडता घालायला.

पहिले विमान पाहून मात्र मीच भाळलो. लाल-पांढरा रंग, काचेसारखी चकाकी, आतल्या खुर्च्या नव्या. इंजिन जेमतेम नऊशे तास चाललेले. अशा इंजिनाला दोन हजार तासांनी पुरते खोलून नवे करावे असे कारखाना सांगतो, म्हणजे निम्म्याहून अधिक आयुष्य शिल्लक! मी मोडता विसरून "घेऊन टाक" म्हणालो. भाच्याने मुकाट्याने विमानाच्या नोंदवह्या मागितल्या. मुलीकडच्यांनी पत्रिका मागावी तसा तो ओळ न् ओळ वाचीत बसला. गेली सात वर्षे ते विमान वर्षाकाठी चार-पाच तासच उडाले होते.

"हेच वाईट," तो म्हणाला. "इंजिन चालत्यानं झिजतं, पण बसून सडतं. तेल खाली निथळतं आणि आतल्या दांड्याला गंज चढतो."

त्याने स्वतःचा मेकॅनिक आणला होता. विकणाराच्या मेकॅनिकवर कधी विसंबू नये, हा म्हणे पहिला नियम. त्याने तेलाची गाळणी कापून उघडली. कागदाच्या घड्यांत लोखंडाचे कण चमकत होते. रंगाच्या चकाकीपेक्षा ही चकाकी अधिक बोलकी होती.

दुसरे पायपर. त्याला पंख खाली आणि दार एकच, तेही उजवीकडे. पंखावर चढून आत शिरायचे. नऊवारी नसली तरी ताईची साडी डोळ्यांपुढे आली आणि आम्ही तिथून निघालो.

तिसरे १९७४ सालचे सेसना १७२. हे विमान प्रथम उडाले १९५५ साली, आणि आजवर चव्वेचाळीस हजारांवर निघाली. जगात इतकी दुसऱ्या कुठल्याच विमानाची निघाली नाहीत. मध्ये १९८६ पासून दहा वर्षे, भरपाईच्या खटल्यांना कंटाळून कारखान्याने ती करणेच थांबविले होते. म्हणून बाजारात पन्नाशीतली विमाने आजही मानाने फिरतात. (पन्नाशी जवळ आलेल्या मास्तराला हे ऐकून बरे वाटले.) याचा रंग विटलेला, पण दर वर्षी शंभरावर तास उडालेले आणि एकही वार्षिक तपासणी चुकलेली नाही. दोन्हीकडे दारे, पंख डोक्यावर. मेकॅनिकने पत्र्याखाली दिवा घालून तासभर गंज शोधला. मिळाला नाही.

मला वाटले, झाले काम. पण खरी परीक्षा घरी निघाली. भाच्याने दिवाणखान्यात वजनकाटा मांडला. "खुर्च्या चार आहेत म्हणून माणसं चार बसत नाहीत, मामा. या विमानाच्या कागदात लिहिलंय, पेट्रोल, माणसं, सामान मिळून तीनशे सत्तर किलो. अटलांटाला टाकी पूर्ण भरावी लागणार. त्याचेच एकशे तीन."

राहिले दोनशे सदुसष्ट. तो ब्याऐंशी, सूनबाई साठ, नातू चव्वेचाळीस. ताई लांबूनच म्हणाली, "माझे साठ धर." आणि लेकीसाठी भरलेली पिशवी एकोणीस किलो. दोन किलो उरत होते.

"आई, तू काट्यावर उभी राहा."

"सांगितलं ना साठ!"

"आई." त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. चढलेला नव्हे, उलट फारच हळू. "जास्त वजनानं विमान उडतच नाही असं नाही. उडतं, आणि उन्हाच्या दिवशी झाडांवरून जात नाही. मला खरा आकडा पाहिजे."

ताई उभी राहिली. अडुसष्ट. कोणी हसले नाही. सूनबाईने सुचविले, पेट्रोल थोडे कमी भरू. "सहा किलो म्हणजे आठ लिटर," तो म्हणाला, "म्हणजे पंधरा मिनिटं. समोरून वारा लागला तर मला नेमकी तीच लागतील. ते नाही." आणि वहीत फुली मारून तो मेकॅनिकला टेलिफोन करायला आत गेला.

ताईने माझ्याकडे पाहिले. "सांगितलंस का त्याला?"

"नाही."

ती काही वेळ काट्याकडे बघत उभी राहिली. मग जमिनीवर बसली, पिशवीचा बंद सोडला, आंब्याच्या लोणच्याची मोठी बरणी काढून माझ्यापुढे ठेवली, त्यावर लाडवांचा डबा ठेवला, आणि पिशवी पुन्हा काट्यावर चढवली.

"बघ रे, चष्मा नाही माझ्याकडे," ती म्हणाली. "तेरा झाले का?"