घरच्या सर्व्हरचें प्रमाणपत्र

छायाचित्रें, दस्तऐवज आणि हिशेब सांभाळण्यासाठीं घरांतच एक लहानसा सर्व्हर, ज्यास ‘नॅस’ म्हणतात तो, ठेवण्याची चाल अलीकडे सुशिक्षित कुटुंबांतून पडत चालली आहे. ती स्तुत्य आहे यांत शंका नाहीं. परंतु तो उघडतांच ब्राउझर ‘हें स्थळ सुरक्षित नाहीं’ असा इशारा देतो, आणि घरांतील जाणती मंडळी इतरांस सांगतात, “कांहीं होत नाहीं, पुढें जा.” आमचा आक्षेप या सवयीवर आहे. हाच इशारा उद्यां बँकेच्या नांवानें उभारलेल्या खोट्या पानावर दिसला, तर घरच्या आजीबाईंनीं तेथें थांबावें अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडानें करणार?

प्रमाणपत्राचीं कामें दोन. मजकूर वाटेंत कोणास वाचतां येऊं नये हें एक. आणि समोरचें यंत्र खरोखर आपलेंच आहे याची साक्ष देणें हें दुसरें. नवा सर्व्हर बहुधा स्वतःच स्वतःचें प्रमाणपत्र लिहितो. आपल्या सद्वर्तनाचा दाखला आपणच लिहून आणावा, तसा हा प्रकार! पहिलें काम त्यानें होतें, दुसरें होत नाहीं.

सार्वजनिक संस्थेचें प्रमाणपत्र घेऊनही इशारा राहिला, तर प्रथम नांव पाहावें. १९२.१६८ नें आरंभ होणाऱ्या घरगुती क्रमांकास अशी संस्था प्रमाणपत्र देत नाहीं; म्हणून प्रमाणपत्रांत जें नांव आहे त्याच नांवानें सर्व्हर उघडावा. मग यंत्राचें घड्याळ व तारीख तपासावी. तीं चुकल्यास चांगलें प्रमाणपत्रही मुदतीबाहेरचें ठरतें. संगणकावर ठीक चालतें आणि फोनवर मात्र अडतें, असें असल्यास मधल्या संस्थेचें प्रमाणपत्र बसवावयाचें राहिलें असण्याचा संभव फार.

लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून प्रमाणपत्रें विनामूल्य देत आली आहे. नांव आपलेंच आहे हें पटविण्याची एक रीत अशी कीं, संस्था बाहेरून आपल्या सर्व्हरचें ८० क्रमांकाचें दार ठोठावते. पण कित्येक इंटरनेट कंपन्या अनेक घरांस मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. तेथें ही हांक घरापर्यंत पोंचतच नाहीं. अशा वेळीं राउटरशीं झगडत बसूं नये. त्या नांवाच्या डीएनएस नोंदींत संस्थेनें दिलेला मजकूर घालण्याची दुसरी रीत धरावी. तींत घराचें एकही दार उघडावें लागत नाहीं, हा मोठाच लाभ. मात्र अशीं प्रमाणपत्रें जाहीर नोंदवहींत नमूद होतात. यास्तव सर्व्हरच्या नांवांत आडनांव किंवा पत्ता घालूं नये.

खरी अडचण पुढेंच आहे. या प्रमाणपत्राची मुदत प्रथमपासूनच ९० दिवसांची, म्हणजे थोडी. शिवाय १५ मार्च २०२९ पासून कोणतेंही सार्वजनिक प्रमाणपत्र ४७ दिवसांहून अधिक मुदतीचें नसावें, असा ठराव प्रमाणपत्रसंस्था व ब्राउझरकर्ते यांच्या मंडळानें २०२५ सालीं केला. मुदत सरत आल्याची सूचना देणारीं पत्रेंही लेट्स एन्क्रिप्टनें त्याच वर्षीं जूनमध्यें बंद केलीं. तेव्हां नूतनीकरण आपोआप होईल अशीच व्यवस्था पाहिजे. आणि नवें प्रमाणपत्र आल्यावर सर्व्हर तें खरोखर वापरूं लागला कीं नाहीं, हेंही पाहिलें पाहिजे.

एकत्र कुटुंबांत ही सारी माहिती बहुधा एकाच चिरंजीवाच्या डोक्यांत असते, आणि ते तर नोकरीनिमित्त परगांवीं! म्हणून नांव कोठें नोंदविलें, त्याचें वार्षिक शुल्क केव्हां भरावयाचें, नूतनीकरण कोण करतें, हें सर्व एका वहींत लिहून ती दागिन्यांच्या किल्ल्यांइतक्याच काळजीनें ठेवावी; आणि घरांतील निदान दुसऱ्या एका व्यक्तीस, मग ती सूनबाई असो वा धाकटे बंधु, हें काम शिकवून ठेवावें. इतकें झालें म्हणजे घरांत एकच नियम सांगतां येईल: इशारा दिसला कीं थांबावें, आणि विचारल्यावांचून पुढें जाऊं नये.