लुटुपुटीची गोळी, खरी जखम

अंधेरीच्या लोखंडवाला संकुलात १६ नोव्हेंबर १९९१ रोजी पोलीस आणि माया डोळस याची टोळी यांच्यात भर वस्तीत चकमक झडली. ती सुमारे चार तास चालली आणि तीत डोळस याच्यासह सात गुंड मारले गेले. याच घटनेवर २००७ मध्ये ‘शूटआउट ॲट लोखंडवाला’ हा हिंदी चित्रपट निघाला. पडद्यावर पुन्हा एकदा गोळ्या सुटल्या, भिंतींचे गिलावे उडाले, सदऱ्यांवर रक्त उमटले. चकमकीची नीती-अनीती हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. येथील प्रश्न त्याहून साधा आहे. पोलिसाने झाडलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब त्याला द्यावा लागतो. काडतूस कोणत्या कोठारातून निघाले, कोणाच्या हाती गेले, किती उरली, याची नोंद होते. चित्रपटासाठी उडवलेल्या लुटुपुटीच्या गोळीचा हिशेब कोण कोणाला देतो, हे मात्र अंधेरी ते बोरिवली या पट्ट्यात पसरलेल्या चित्रपटव्यवसायात ठामपणे सांगू शकतील अशी माणसे थोडीच सापडतील.

ही लुटुपुटीची गोळी वस्तुतः दोन ठिकाणी असते. एक बंदुकीत आणि दुसरी अंगावर. बंदुकीत असते ते कोरे काडतूस. त्यात दारू असते, शिसे नसते. त्यामुळे जाळ आणि आवाज खरा असतो. अंगावर असते ती ‘स्क्विब’ या नावाने ओळखली जाणारी लहानशी स्फोटक पुडी. नटाच्या सदऱ्याखाली आधी जाड अस्तर, त्यावर कठीण चकती, चकतीवर ही पुडी आणि पुडीला लागून तांबड्या द्रवाची पिशवी, अशी तिची मांडणी असते. कापड ठराविक जागीच फाटावे म्हणून ते आतून घासून विरळ केलेले असते. विजेची तार पाटलोणीतून खाली उतरते आणि कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर बसलेल्या माणसाच्या हातातील खटक्यापर्यंत जाते. संकेत मिळताच तो खटका दाबतो, पुडी बाहेरच्या अंगाला फुटते, पिशवी फाटते आणि नट कोसळतो. सारा खेळ निमिषाचा. तेवढ्या निमिषापुरते एका माणसाच्या छातीवर स्फोटक द्रव्य बांधलेले असते आणि त्याची कळ दुसऱ्याच्या बोटाखाली असते. चकती सरकली, कोसळताना नटाचा हात किंवा चेहरा आड आला, तारेत वेळेआधी वीज शिरली, तर जे व्हायचे ते होऊन जाते. चित्रीकरण पुन्हा करता येते. डोळा पुन्हा मिळत नाही.

तरीही स्क्विब ही सुधारणाच म्हटली पाहिजे. हॉलिवूडमध्ये १९३१ साली ‘द पब्लिक एनिमी’ हा चित्रपट निघाला तेव्हा जेम्स कॅग्नी याच्या जवळच्या भिंतीवर निष्णात नेमबाजाकडून खऱ्या गोळ्या झाडून घेतल्या गेल्या होत्या. पुढे अंगावरच्या पुड्यांनी ती रीत मोडीत काढली आणि १९७२ च्या ‘द गॉडफादर’मध्ये एकाच प्रसंगात नटाच्या अंगावर व कपड्यांत अशा शंभराहून अधिक पुड्या बसवण्यापर्यंत हे तंत्र पोहोचले. धोका कमी झाला तो नेमबाजाच्या मर्जीवरून कारागिराच्या कौशल्यावर आला म्हणून. अर्थात कारागीर कुशल आहे, हे कोणी तरी तपासलेले असले पाहिजे.

हिंदी चित्रसृष्टीत या विषयाकडे पाहण्याची दृष्टी कशी आहे, याचा मासला ‘शोले’च्या एका प्रसिद्ध किश्शात मिळतो. चित्रपटाच्या अखेरच्या प्रसंगाचे चित्रीकरण रामनगरच्या खडकांत चालू असता धर्मेंद्र यांना पेटीतून काडतुसे उचलायची होती. ती नीट उचलली जाईनात. त्यांनी वैतागून बंदूक भरली आणि झाडली. काडतुसे खरी होती. टेकडीवर उभे असलेल्या अमिताभ बच्चन यांच्या कानाजवळून गोळी सूं करीत निघून गेली. हा किस्सा स्वतः बच्चन यांनी दूरचित्रवाणीवरील आपल्या कार्यक्रमात सांगितला आणि श्रोत्यांनी तो हसत हसत ऐकला. खरी काडतुसे त्या पेटीत आली कशी, ती कोणी ठेवली, बंदूक हाती देण्यापूर्वी कोणी तपासली की नाही, हे कोणाला विचारावेसे वाटले नाही. ती गोळी दोन बोटे अलीकडून गेली असती तर १९७५ नंतरच्या हिंदी चित्रपटाचा इतिहासच निराळा झाला असता. जो अपघात झाला नाही त्याचा आपल्याकडे किस्सा होतो, चौकशी होत नाही.

परदेशात हे किस्से मृत्यूच्या नोंदवहीत गेले आहेत. जॉन-एरिक हेक्सम या अमेरिकन नटाने १९८४ च्या ऑक्टोबरात दूरचित्रवाणी मालिकेच्या सेटवर कोऱ्या काडतुसाचे पिस्तूल थट्टेने कानशिलाला लावून चाप ओढला. आत शिसे नव्हते. परंतु इतक्या जवळून सुटलेल्या वायूच्या आघातानेच कवटी फुटली आणि काही दिवसांत तो मरण पावला. ३१ मार्च १९९३ रोजी ‘द क्रो’च्या चित्रीकरणात ब्रँडन ली ठार झाला. आदल्या एका दृश्यात वापरलेल्या दिखाऊ काडतुसाचे टोक नळीत अडकून राहिले होते आणि नंतर भरलेल्या कोऱ्या काडतुसाने ते खऱ्या गोळीसारखे बाहेर ढकलले. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’ चित्रपटाच्या सेटवर छायाचित्रणकार हॅलिना हचिन्स यांचा बळी गेला. तेथे दिखाऊ काडतुसांत खरे काडतूस मिसळले होते. शस्त्रांची जबाबदारी असलेल्या तरुणीला २०२४ मध्ये अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तथापि त्या राज्याच्या कामगार सुरक्षा विभागाने निर्मात्यांनाही दंड केला. शस्त्रे सांभाळणाऱ्या व्यक्तीवर दुसरीही कामे लादली गेली होती, हा त्या विभागाने नोंदवलेला मुद्दा मुंबईच्या वाचकाने विशेष लक्षात ठेवावा. येथे ‘तू हेही बघ आणि तेही बघ’ हा तर कामाचा रिवाजच आहे.

तिन्ही अपघातांची यांत्रिक कारणे वेगवेगळी आहेत. एकात वायू, दुसऱ्यात अडकलेले टोक, तिसऱ्यात खरी गोळी. परंतु वस्तू कोणाच्या ताब्यात होती आणि तिच्या वापराला ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार कोणाला होता, या प्रश्नाशी तिन्ही येऊन ठेपतात. आपल्याकडची सर्वांत भीषण दुर्घटना गोळीची नव्हे, आगीची होती. तरी तिचा संबंध याच प्रश्नाशी आहे. ‘द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान’ ही मुंबईकर निर्मात्याची मालिका म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत चित्रित होत असता ८ फेब्रुवारी १९८९ रोजी सेटवर आग भडकली आणि ६२ माणसे मृत्युमुखी पडली. दिग्दर्शक आणि प्रमुख नट संजय खान स्वतः गंभीर भाजले. पुढच्या वर्षी मालिका दूरदर्शनवर झळकली. बासष्टांपैकी बहुतेकांची नावे आज कोणाला आठवत नाहीत, कारण ती पडद्यावर येणारी नावे नव्हती.

गोरेगाव, मालाड, अंधेरी, जोगेश्वरी या भागांत राहणाऱ्या कुटुंबांना ही दुनिया अपरिचित नाही. सकाळी लोकलने आलेला मारामारी कलावंत फाइट मास्टरच्या हाकेची वाट पाहतो, बारा तासांच्या पाळीत चार वेळा मरतो आणि रात्री घरी जातो. नायकाच्या अंगावर पुडी बसवताना सारे युनिट भोवती जमते. मागच्या रांगेत पडणाऱ्या या माणसाच्या अंगावर ती बसवली जाते तेव्हा पुढच्या दृश्याची घाई सुरू झालेली असते. मोठ्या भांडवलाच्या चित्रपटांत परदेशी तंत्रज्ञ येतात, त्यांचे नियम येतात. भीती आहे ती रोज एक भाग पुरा करावयाच्या मालिकांत आणि कमी खर्चाच्या चित्रपटांत. अभिनेता अक्षय कुमार याच्या पुढाकाराने २०१७ मध्ये स्टंट कलावंतांसाठी विमा योजना निघाली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण शेकडो माणसांच्या जिवाची हमी एका नटाच्या औदार्यातून यावी, यात व्यवसायाला लाज वाटण्यासारखे काही आहे की नाही?

दगडखाणीत सुरुंग उडवणाऱ्या माणसाला स्फोटकांच्या कायद्याखाली परवाना लागतो आणि कामाचे ज्ञान असल्याची खात्री झाल्याविना तो मिळत नाही. ही व्यवस्था पाहणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय महाराष्ट्रातच, नागपुरात आहे. खाणीतला सुरुंग दगडात भरायचा असतो आणि तो फुटण्यापूर्वी आसपासची माणसे दूर पाठवली जातात. चित्रपटातली पुडी आकाराने क्षुल्लक हे खरे, परंतु ती माणसाच्याच अंगावर आणि माणसांच्या घोळक्यातच फुटायची असते. कॅलिफोर्नियात चित्रपटातील स्फोटकाम करणाऱ्यांना राज्याच्या अग्निशमन खात्याकडून तीन श्रेणींचे स्वतंत्र परवाने दिले जातात. खालच्या श्रेणीतून वर चढायला अनुभव आणि परीक्षा लागते. आपल्याकडे अशी श्रेणीबद्ध परीक्षा रूढ झालेली नाही. येथे विद्या उस्तादाकडून शागिर्दाकडे जाते. त्या परंपरेत कसबी माणसे निपजली हे नाकारता येणार नाही; मात्र उस्ताद चुकीचे शिकवीत असेल तर शागिर्दाला ते कळण्याचा मार्ग राहत नाही.

गंमत अशी की, याबाबतचा काटेकोरपणा शिकायला चित्रसृष्टीला सातासमुद्रापार जाण्याचे कारण नाही. गोरेगाव पूर्वेला चित्रनगरी आहे, राज्य राखीव दलाचा तळ आहे आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर उभारलेल्या ‘फोर्स वन’चेही ठाणे गोरेगावातच आहे. सुरक्षा दलांनाही लटक्या गोळीबाराचा सराव करावा लागतोच. जगभर त्यासाठी रंगाचा ठिपका उमटवणारी खास काडतुसे वापरली जातात, किंवा १९८० च्या दशकापासून लष्करांत रुळलेली लेसर किरणांची पद्धत, जीत किरण अंगावरील पट्ट्याला लागला की ‘मेलास’ असा इशारा वाजतो. अशा सरावाचा पहिला नियम साधनांचा नसून माणसांचा आहे: सरावाच्या आवारात एकही खरे काडतूस येता कामा नये आणि त्यासाठी प्रशिक्षकासह प्रत्येकाची झडती झाली पाहिजे. अधिकाऱ्याची झडती शिपाई घेतो आणि कोणाचा मानभंग होत नाही. नायकाच्या पिस्तुलाची तपासणी करणाऱ्या पोरसवदा सहायकाला तेवढा अधिकार चित्रीकरणात कोण देणार?

संगणकाने आता हा सारा प्रश्नच निकालात काढला आहे, असे काही जण म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. बंदुकीच्या तोंडचा जाळ आणि रक्ताचा शिंतोडा आज अंधेरीतल्या संकलनकक्षात बसून नंतर रंगवता येतो. जवळून झाडल्या जाणाऱ्या गोळीसाठी तरी हाच मार्ग सक्तीचा करावयास हरकत नाही. तथापि कापड फाटताना नटाच्या देहाला बसणारा धक्का खरा दिसत नाही, अशी दिग्दर्शकांची तक्रार असते व ती सर्वस्वी खोटी नाही. अशा वेळी दारूऐवजी दाबलेल्या हवेवर चालणारी साधने उपलब्ध आहेत. त्यांत जळण्याचे भय नाही. पण डोळ्याच्या दिशेने सुटलेला हवेचा झोतही निरुपद्रवी नसतो. साधन बदलले तरी ते बसवणारा जाणता माणूस लागतोच.

शिक्षक आणि विद्यार्थी यांनाही हा विषय परका नाही. एकांकिका स्पर्धेत हुतात्म्याच्या छातीवर गोळी लागलेली दाखवावयाची असते आणि खिशातल्या फोनवर लघुपट काढण्याची हौस आता प्रत्येक महाविद्यालयात आहे. दिवाळीत उरलेला फटाका कपड्याखाली लपवण्याची कल्पना कोणाला तरी सुचतेच. ती प्रभारी शिक्षकाने तेथेच मोडून काढावी. रंगाची पिशवी हाताने दाबूनही रक्त दिसते, आणि बार पडद्यामागे ध्वनिफितीवर वाजवता येतो. जुलै २०१८ मध्ये कोइंबतूरजवळच्या एका महाविद्यालयात आपत्तीनिवारणाच्या प्रात्यक्षिकात वरच्या मजल्यावरून ढकलली गेलेली विद्यार्थिनी प्राणास मुकली. तो प्रशिक्षक आपला नाही, असे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला मागाहून जाहीर करावे लागले. त्याचे प्रमाणपत्र आधी कोणी पाहिले नव्हते.

कायद्याची बाजू पूर्वीइतकी लंगडी राहिलेली नाही. १९८१ चा चित्रपट कामगारांचा कायदा कथापटांपुरताच होता. त्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली असून तिच्या कक्षेत दृक्श्राव्य माध्यमांतील कामगार, स्टंट करणारे धरून, आले आहेत. परंतु संहितेतील शब्द सेटवर पोहोचवणारे निरीक्षक किती आणि त्यांना स्क्विब म्हणजे काय हे ठाऊक असेल काय, ही शंका रास्त आहे. दिल्लीकडे पाहत बसण्याचेही कारण नाही. १९७७ मध्ये उभी राहिलेली गोरेगावची चित्रनगरी राज्य सरकारच्या महामंडळाची आहे. तेथे सरकार नियामक नंतर, आधी घरमालक आहे. घरमालकाला भाडेकरारात अट घालता येते: स्फोटक किंवा शस्त्र वापरावयाचे असेल तर त्या कामाचा एकच प्रभारी नेमावा, त्याच्यावर दुसरे काम लादू नये, त्याने ‘थांबा’ म्हटल्यास दिग्दर्शकालाही थांबावे लागेल, आणि मागच्या रांगेतल्या माणसाच्या अंगावरील पुडीही त्यानेच तपासावी. परीक्षेचा अभ्यासक्रम नागपूरची संघटना, अग्निशमन दल आणि व्यवसायातले जुने उस्ताद यांनी एकत्र बसून आखावा. त्या उस्तादांना परीक्षक म्हणून बोलावले तर त्यांचा विरोधही पुष्कळसा मावळेल.

चित्रनगरीच्या कुंपणाबाहेर, मढच्या बंगल्यांत आणि भर रस्त्यांवर चालणाऱ्या चित्रीकरणाचे काय, हा प्रश्न उरतो. त्याच्या परवानग्यांसाठी राज्याने एक खिडकी योजना सुरू केली आहे आणि तीही याच महामंडळाकडे आहे. त्या अर्जात स्फोटकाच्या प्रभारीचे नाव व परवान्याचा क्रमांक यांसाठी सक्तीचा रकाना ठेवून तो कोरा सोडणारा अर्ज परत पाठवण्यास विधिमंडळाच्या अधिवेशनाची वाट पाहावी लागणार नाही.