पुढचा आकडा शोधा

मालाडकरांनो, एक विनंती आहे. येत्या रविवारी मुलाला, नातीला किंवा दिवसभर घरात बसून कंटाळलेल्या वडिलांना सोबत घ्या आणि स्टेशनपर्यंत चालत जा. वाटेत १ हा आकडा शोधा. दुकानाच्या गाळ्यावर असेल, सोसायटीच्या गेटवर असेल, फलाटावर तर आहेच. त्याचा फोटो काढा. मग २, मग ३. नियम एकच: मागचा मिळाल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही. तुम्ही अजून १९ वर आहात आणि शेजारी २० नंबरचा गाळा दिसला, तर तो तसाच सोडायचा आणि १९ मिळाल्यावर परत यायचं.

आमच्या घरी हे बरेच दिवस चाललंय. नातीला इंग्रजी शाळेमुळे मराठी आकडे अडखळत यायचे. ४ तिला इंग्रजी आठ वाटायचा. बेस्टच्या बसच्या कपाळावर नंबर मराठीत असतो, म्हणून आम्ही स्टेशनबाहेर बसच्या रांगेशी उभे राहून नंबर वाचू लागलो. आता ती एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत गोंधळत नाही. हे मी पाढे पाठ करायला लावून कधीच करू शकलो नसतो.

रेल्वेगाड्यांचं सांगतो, कारण माझा जीव तिथे जास्त अडकलेला आहे. फलाटाच्या टोकाला सुरक्षित जागी उभे राहा आणि ओव्हरहेड वायरचे खांब बघा. प्रत्येक खांबावर छोटी पाटी असते, वर एक आकडा आणि खाली एक. वरचा म्हणजे चर्चगेटपासूनचे किलोमीटर. मालाडला तो तिशीच्या आसपास असतो. खालचा म्हणजे त्या किलोमीटरातला खांब. वायर तुटली, रुळाला तडा गेला की रेल्वेचे लोक जागा सांगताना हाच नंबर सांगतात. लोकलमध्ये खिडकी मिळाली तर मुलांना किलोमीटर मोजायला लावा, अंधेरी ते बोरिवली कधी संपतं कळत नाही. पण दारात लटकून नको, आणि जवळून फोटो हवा म्हणून रुळात उतरणं तर अजिबात नको. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि त्याहून मोठं नुकसान काय होतं ते आपल्या लाइनवर सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पोलिसाने फोटो नको म्हटलं तर वाद न घालता मोबाइल खिशात ठेवा.

सलग नंबर हवे असतील तर एक दिवस मध्य रेल्वेच्या बाजूला दादरला जा. लांब पल्ल्याच्या गाडीला जायचा एक नंबर आणि यायचा त्याला लागून दुसरा असतो. पुण्याच्या गाड्यांत तर माळच लागते: ११००७ आणि ११००८ डेक्कन एक्स्प्रेस, ११००९ आणि ११०१० सिंहगड. पुढे १२१२३ पासून डेक्कन क्वीन, प्रगती आणि इंटरसिटी मिळून १२१२८ पर्यंत सहा नंबर एकापाठोपाठ. डब्यावरच्या पाट्यांचे फोटो घ्या.

आता खरी कळकळीची गोष्ट. घरातले जुने अल्बम काढा. आमच्याकडे मामा पहिल्यांदा नोकरीसाठी निघाला त्या दिवसाचा फोटो आहे. सगळे डब्यासमोर ओळीने उभे, आणि डब्याचा क्रमांक आईच्या खांद्यामागे. शेवटचा ७ तेवढा दिसतो. साल कोणतं यावर आम्ही भावंडं आजही वाद घालतो, आणि सांगू शकणारं आता कोणी नाही. तो क्रमांक पूर्ण दिसता तर निदान त्याआधीची सालं तरी वादातून गेली असती. लांब पल्ल्याच्या डब्यांवर कित्येक वर्षं पाच आकडे लिहीत. पहिले दोन म्हणजे डबा बांधल्याचं साल, उरलेले तीन डब्याचा प्रकार. समजा ९४२१७ दिसला, तर डबा १९९४ चा, आणि २१७ हा २०१ ते ४०० मधला, म्हणजे स्लीपर. तो फोटो १९९४ च्या आधीचा असणं शक्यच नाही. पाटीवर गाडीचा नंबर चार आकडी असेल तर फोटो २० डिसेंबर २०१० च्या आधीचा धरा, कारण त्या दिवसापासून गाड्यांचे नंबर पाच आकडी झाले. अल्बम चाळताना भिंग जवळ ठेवा. आणि यापुढे कुणाला सोडायला गेलात तर फोटो काढताना एक पाऊल बाजूला उभे राहा, नंबर येऊ द्या, घरी आल्यावर तारीख लिहून ठेवा. घरात जुनी पुठ्ठ्याची तिकिटं असतील तर टाकू नका. त्यांवर अनुक्रमांक छापलेला असतो. नवरा-बायकोने एकत्र काढलेली दोन तिकिटं लागोपाठच्या नंबरांची मिळाली, तर ती शेजारी शेजारी चिकटवा.

ज्यांना स्टेशन लांब पडत असेल त्यांनी रस्त्यावरच्या गाड्यांच्या पाट्यांवर एमएच ०१ पासून सुरुवात करावी. फोटोत पाटीचा पहिला भागच घ्या, लोकांचा पूर्ण नंबर आपल्याला नको. ०१ ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा, ०४ ठाणे हे तासाभरात होतात. पुण्याचा १२ शोधायलाच लागत नाही. पेच पुढे पडतो. बोरिवलीचा ४७ आपल्या गल्लीत पावलोपावली उभा असतो, पण पाळी येईपर्यंत त्याला हात लावता येत नाही. आम्हाला वर्ध्याचा ३२ एका टेम्पोवर मिळाला आणि नात रस्त्यातच ओरडली. तेव्हापासून गडचिरोलीच्या ३३ साठी अडलोय. लिंक रोडवर तो दिसत नाही. म्हणून सध्या रविवारी सकाळी आम्ही हायवेला कुरारच्या बाजूला, लांबून येणाऱ्या ट्रक आणि खासगी बस बघत फुटपाथवर उभे असतो. तुमचंही ३२ झालं असेल तर तिथे या.