सुश्रुतांचा आधार घेताना

आपल्या एका शाखासभेत मध्यंतरी त्रिमिती मुद्रणाने शरीराचे भाग घडविण्याचा विषय निघाला. एका ज्येष्ठ वैद्यांनी ‘हे सारे सुश्रुतसंहितेत आहेच’ असे ठामपणे सांगितले आणि टाळ्या झाल्या. टाळ्या वाजविणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता. घरी येऊन विषय वाचल्यावर मात्र त्या टाळ्यांचा संकोच वाटला.

शरीरात कालांतराने विरघळणाऱ्या प्लास्टिकची सच्छिद्र जाळी थरावर थर रचून तयार करावयाची, तिच्या आधाराने पेशी वाढू द्यावयाच्या आणि नवी ऊती उभी राहीपर्यंत जाळी विरून जावयाची, असे हे तंत्र आहे. विरघळणाऱ्या टाक्यांमुळे हा पदार्थवर्ग आपणास अपरिचित नाही. २०१२ मध्ये मिशिगन विद्यापीठात, श्वासनलिकेची शाखा वारंवार मिटून श्वास कोंडणाऱ्या एका अर्भकाच्या त्या शाखेभोवती पॉलिकॅप्रोलॅक्टोनचा असाच मुद्रित आधार बसविला गेला. सुमारे तीन वर्षांत तो विरावा आणि तोवर नलिका स्वतः बळकट व्हावी, अशी योजना होती.

सुश्रुतांनी गालाच्या त्वचेने नासासंधान सांगताना नाकात दोन नळ्या ठेवावयास सांगितल्या आहेत. आधार तात्पुरता, रोपण मात्र शरीराचेच, हे तत्त्व तेथे निश्चित दिसते. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ने पुण्यातील नासासंधानाचा वृत्तान्त छापला, याचाही अभिमान वाटावा. परंतु पेशींचे संवर्धन आणि मुद्रित जाळी संहितेत नाही. तत्त्वातील साम्य म्हणजे तंत्राची मालकी नव्हे.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. माझ्याकडे आलेल्या एका वृद्ध रुग्णाने, गुडघ्यातील झिजलेली तरुणास्थी ‘पुन्हा उगवते’ असे एका औषधाच्या माहितीपत्रकात वाचून, शस्त्रक्रिया दोन वर्षे लांबविली होती. चालणे जवळजवळ थांबले होते. पत्रकावर सुश्रुतांचे चित्र होते.

दाव्यामागे पुरावा नसला की काय घडते, हे आधुनिक वैद्यकानेही पाहिले आहे. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात २०११-१२ मध्ये तीन रुग्णांना प्लास्टिकच्या श्वासनलिका बसविल्या गेल्या. तिघेही पुढे दगावले. २०२३ मध्ये अपील न्यायालयाने त्या शल्यचिकित्सकाला दोषी ठरविले. तेथे चूक लपविली गेली, तशी ती शेवटी नोंदींतूनच उघडही झाली. आपल्याकडे मुळात नोंदीच नसतील, तर चूक कळणार कशी?

याचे उत्तर आपल्याच घरात आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेली क्षारसूत्राची बहुकेंद्री चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेच्या तुलनेत भगंदर भरण्यास अधिक काळ लागतो, परंतु तो पुन्हा होण्याचे प्रमाण कमी असते, असे तीत आढळले. उणी बाजू न लपविल्यामुळेच तिची मान्य बाजू इतरांनाही मान्य करावी लागली.

तेव्हा औषधनिर्मात्या बंधूंना विनंती, की ज्याचा पुरावा हाती नाही ते ‘पुन्हा उगवते’ हे शब्द पत्रकावरून काढावेत. चिकित्सकांनी संधिवाताच्या प्रत्येक रुग्णाची चिकित्सेपूर्वीची व नंतरची स्थिती, अपयशासह, लिहून ठेवावी. नळ्या केव्हा घालाव्यात हे ज्या ग्रंथाने इतक्या काळजीने सांगितले, त्याच्या अनुयायांना एवढी काळजी जड वाटू नये.