उरलेली ट्यूब

पावसाळ्यात कोंडाण्याला गेलं की कुणाला ना कुणाला नायटा झालेला दिसतोच. यंदा खालाला. लावत होती शेजारणीच्या इसबासाठी डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइडचं मलम. खाज थांबली, नायटा मात्र मांडीभर पसरला. स्टेरॉइड सूज दाबतं, बुरशी मारत नाही.

मलम वाईट नव्हे. शेजारणीचा इसब त्यानेच बसला. पण सांगितलेले दिवसच लावायचं. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंतचं मलम दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. चेहऱ्याला, जांघेत तर मनाने नकोच, कातडी पातळ होते. २०१८ साली सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीच्या औषधांत घातली. उरलेल्या ट्यूबला कोण चिठ्ठी विचारणार?

“कर्जतला डॉक्टरकडे गेले तर दिवसाची मजुरी बुडते रे,” खाला म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी मीच तिला घेऊन गेलो.